गाढ झोप

फ्रेझर घोरत होता, आणि सेंगाला त्या घोरण्याचं कोण कौतुक वाटत होतं! शनिवारची दुपार होती. डंडी शहरातल्या तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात शेगडीवर खिमा रटरटत होता आणि रेडिओवर फुटबॉलचा सामना रंगात आला होता. तिनं रेडिओ बंद केला. झोपू दे पोराला.

पोर कसलं, चांगला एकतीस वर्षांचा घोडा! गर्दच्या पायी सेंगानं त्याला दोनदा घराबाहेर काढलं होतं. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात काढून तो कालच परतला होता, आणि गालांवर जरा मांस चढलं होतं. गर्द सुटताना झोप उडते, हे सेंगाला पाठ होतं. रात्ररात्र येरझारा घालणारा फ्रेझर तिनं पाहिला होता. आज हा एवढा गाढ झोपलाय, म्हणजे सुटलाच म्हणायचा, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. आईला दुसरं काय सुचणार? तिनं त्याला पांघरूण घातलं आणि खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.

त्या आठवड्यात जिना धुवायची पाळी शेजारच्या मोरिनची होती. ती बादली घेऊन वर आली आणि सेंगाच्या उघड्या दाराशी थबकली.

"कोण घोरतंय गं?"

"आमचे युवराज. अगदी बापावर गेलाय. हळू बोल बाई, उठेल."

मोरिननं बादली तिथंच टाकली आणि सेंगाला ढकलून ती आत घुसली. ते घोरणं नव्हतंच. घशात पाणी अडकल्यासारखी घरघर होती, आणि दोन घरघरींच्या मध्ये बराच वेळ काहीच ऐकू येत नव्हतं. फ्रेझरचे ओठ निळे पडले होते.

"माझ्या अ‍ॅलनचं असंच वाजत होतं," मोरिन म्हणाली. "मला वाटलं, पोरगा झोपलाय. बघतेस काय, फोन लाव! अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव!"

अ‍ॅलन असा गेल्यापासून गर्दचा अंमल उतरवणारा, नाकात मारायचा औषधाचा फवारा मोरिनच्या खिशात कायम असायचा. तिनं तो फ्रेझरच्या नाकात मारला आणि त्याला कुशीवर वळवलं. तीन महिन्यांत त्याच्या अंगाची सवय मोडली होती, आणि या शहाण्यानं आज पुन्हा गर्द घेताना माप मात्र जुनंच घेतलं होतं. सेंगानं फोन लावून पत्ता सांगितला. आपलं पोर मरत होतं आणि आपण खिमा ढवळत होतो, एवढंच तिला कळत होतं.

थोड्या वेळानं फ्रेझर खोकत, ओकत उठून बसला. आभार राहिले बाजूला, त्यानं शिव्याच घातल्या.

"कुणी उतरवली माझी? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" तो बूट शोधू लागला.

"त्याला सोडू नकोस, सेंगा," मोरिन म्हणाली. "फवाऱ्याचा जोर ओसरेल. गर्द अजून अंगातच आहे, श्वास पुन्हा बंद पडेल."

सेंगा बाहेरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता आणि तिला त्याची भीती वाटत होती.

"सरक, आई."

"अ‍ॅम्ब्युलन्स येतेय."

"दोनदा तूच हाकललंस ना मला? आता जातोय तर अडवतेस?"

"हो. अडवतेय."

"आज अडवलंस तर या घरात परत कधी येणार नाही. सांगून ठेवतो."

"नको येऊस," सेंगा म्हणाली. ती जागची हलली नाही. "पण जिवंत राहा, आणि मग नको येऊस."