आईपर्यंत गेलेला घाव

झेफेरिनोच्या कानांबद्दल मी दोन उन्हाळे गप्प राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत राहिलो. मूठ त्याची आणि झाकणारा मी, हे मात्र सोयीनं विसरलो.

बुचाच्या ओकाची साल काढायला एका झाडाला दोन कुऱ्हाडी लागतात, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. पोर्तुगालातल्या आलेन्तेजुच्या या रानात आम्ही दोघं एकतीस उन्हाळे जोडीनं झाडांना भिडलो. साल कशी, तर जाड, हलकी, पाण्याला दाद न देणारी. वणवा लागला तरी आतलं खोड वाचवणारी. ती उतरवली म्हणून झाड रुसत नाही, नऊ वर्षांत नवी घालतं. पण तिच्याखाली एक पातळ, ओलसर थर असतो. त्याला आम्ही आई म्हणतो, कारण नवी साल तोच घडवतो. आईला कुऱ्हाड लागली की तिथं पुन्हा धड साल धरत नाही, आणि घाव मोठा असेल तर झाडच वाळतं.

कुऱ्हाड किती आत गेली ते डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळतं. साल सुटायला तयार असली की घाव पोकळ वाजतो. कोरडा ठक्क आवाज आला तर झाडानं साल धरून ठेवली आहे असं समजायचं, हात आवरायचा आणि पुढच्या वर्षी परत यायचं.

झेफेरिनोला हा फरक ऐकू येईनासा झाला होता. बहिऱ्याच्या हाती आमच्यात कुऱ्हाड देत नाहीत, साली रचायला बसवतात. त्याची बायको देओलिंदा गेल्यापासून त्याला घर खायला उठायचं. हिवाळाभर तो कुऱ्हाडीला धार लावत उन्हाळ्याची वाट बघायचा. ती कुऱ्हाड मी त्याच्या हातातून कशी काढून घेऊ? म्हणून मी खोडाआडून डोकं काढायचो. त्याचा घाव पोकळ वाजला की मान हलवायची, ठक्क वाजला की भुवया आवळायच्या. तो माझ्या तोंडाकडे बघून हात चालवायचा.

"नवी नवरा-नवरी तरी बरी रे तुमच्यापेक्षा," मुकादम बाल्ताझार चिडवायचा. "किती बघाल एकमेकांकडे!"

त्या जुलैत बाल्ताझारनं आम्हाला ओढ्याकाठच्या थोरल्या झाडापाशी आणलं. नऊ वर्षांपूर्वी साल काढली तेव्हा बुंध्यावर रंगवलेला वर्षाचा शेवटचा आकडा, सहा, अजून स्पष्ट होता.

"हे तुमचंच, काका. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी."

झेफेरिनोची छाती फुगली. मी मात्र बुंध्याचा घेर डोळ्यांनी मापला. ते खोड चार माणसांच्या कवेत मावत नव्हतं. मी पलीकडे गेलो की त्याला माझं तोंड दिसणार नव्हतं. त्यात दोन दिवस पूर्वेचा कोरडा वारा सुटलेला, म्हणजे साल कुठं सुटेल आणि कुठं चिकटून राहील याचा भरवसा नाही. 'दुसरी जोडी लाव' एवढंच म्हणायचं होतं. तेवढी धमक माझ्यात नव्हती.

"आदेलिनो, तोंड का पाडलंस?" झेफेरिनो ओरडूनच बोलायचा. "झाड खात नाही तुला!"

मी पलीकडे गेलो. माझ्या सावलीच्या बाजूला पहिलाच घाव पोकळ वाजला. मग त्याच्या उन्हाच्या बाजूनं आवाज आला, ठक्क. पुन्हा ठक्क.

"थांब! झेफेरिनो, थांब!"

रानातल्या साऱ्या कुऱ्हाडी थांबल्या. त्याची तेवढी चालूच राहिली.

मी धावत वळसा घालून पोचलो तोवर त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्याचं पाचरीसारखं टोक सालीत खुपसून अंगाचा सगळा भार टाकला होता. दाराएवढी साल उपटून आली. तिच्या आतल्या अंगाला आई चिकटलेली होती, ओली. खोडावर नुसतं उघडं लाकूड उरलं.

बाल्ताझार आला. त्यानं ते लाकूड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काकांना ऐकू येत नाही?"

मी मान खाली घातली. झेफेरिनो आमच्या ओठांकडे बघत होता. त्याला कळलं.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं मला विचारलं. सगळं रान ऐकत होतं. "कधीपासून?"

मी दोन बोटं दाखवली. आता तो शिव्या घालेल, असं मला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो खोडापाशी गेला आणि त्या उघड्या लाकडावर तळवा ठेवून उभा राहिला.

"माणसांचं ऐकू येत नाही हे मला कळत होतं रे," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला असेल. "पण कुऱ्हाडीचं येतं, असंच वाटायचं. तू मान हलवायचास आणि मला तो पोकळ आवाज ऐकू यायचा. खरंच यायचा. आत्तासुद्धा आला. तू सांगितलं असतंस तर मी या झाडाला हात लावला नसता."

त्यानं कुऱ्हाड बाल्ताझारच्या हातात दिली आणि साली रचणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. माझ्या बाजूची साल सुटायला तयार होती, पण मला ती काढवली नाही.