शटरआडचे चौदा महिने

नोटीस आली तेव्हा वाइंडिंगवाली तीन हॉर्सपॉवरच्या मोटरीत तार भरत होती. हातातली कॉइल पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही ही तिची सवय, त्यामुळे नगररचना कार्यालयाचा शिपाई पाच मिनिटं दारातच ताटकळला. कागदावर लिहिलं होतं की ही जागा रहिवासी विभागात येते, इथे मोटरदुरुस्तीचा कारखाना चालवता येत नाही, तरी तीस दिवसांत तो बंद करावा अथवा सुनावणीला हजर राहून म्हणणे मांडावे.

गल्लीत तिला सगळे वाइंडिंगवालीच म्हणत. आधी तिचा नवरा वाइंडिंगवाला होता. बावीस वर्षांपूर्वी त्याने घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं, आणि सहा वर्षांपूर्वी तो गेल्यावर दुकानाबरोबर नावही तिच्याकडे आलं. घरात ती आणि तिची नणंद, दोघीच. नणंद शाळेच्या ऑफिसात कारकून होती आणि तिची जीभ तिच्या टाइपिंगपेक्षा वेगाने चालायची.

तक्रार कुणाची हे विचारायची गरज नव्हती. समोरच्या घरात निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांच्या पत्नीला दमा होता आणि दुकानातल्या वॉर्निशचा वास थेट त्यांच्या खिडकीत जायचा. दोन वर्षांमागे ते एकदा दुकानात येऊन तसं म्हणालेही होते. तेव्हा ती त्यांना फटकन म्हणाली होती, "वास येत असेल तर खिडकी लावून घ्या." त्यानंतर ते कधी आले नाहीत.

नणंदेच्या ओळखीच्या वकिलाने नोटीस वाचली आणि आशेला थोडी जागा ठेवली. शहराचा विकास आराखडा लागू झाला पंधरा वर्षांपूर्वी. दुकान त्याच्या आधीचं. अशा जुन्या वापराला नियम चालू राहू देतो. मात्र हा वापर सलग वर्षभर बंद पडलेला नसावा.

मध्ये कधी बंद होतं का, असं त्याने विचारलं. नवरा गेल्यानंतर चौदा महिने शटर खाली होतं, असं तिने सांगितलं. वकिलाने पेन खाली ठेवलं. मग आवाज उतरवून म्हणाला की चार गिऱ्हाइकं गाठा, दुकान उघडं होतं असं लिहून घ्या, कोण मोजायला बसलंय?

"मीच मोजलेत," ती म्हणाली. "खोटं लिहून आणणार नाही."

तिथून ती थेट नगररचना कार्यालयात गेली आणि नियमावलीचं पुस्तक विकत घेऊन आली. चारशे पानं होती. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर नणंद मोठ्याने वाचायची आणि ही जळालेल्या मोटरीतली काळी तार उपसत ऐकायची. दर दुसऱ्या ओळीला 'परंतु असे की' यायचं. हे लिहिणारा माणूस जेवायला बसला तर त्याने पोळी मागेपर्यंत ताट थंड होत असेल, असं नणंद म्हणायची. पण वाइंडिंगवालीला त्या भाषेचा हळूहळू अंदाज येऊ लागला. जोडणी गुंतागुंतीची असली तरी प्रत्येक टोक कुठेतरी जातंच, ते धरून चालायचं, असं तिने नणंदेला सांगितलं.

सहाव्या दिवशी ते कलम आलं. तिने नणंदेला ते तीनदा वाचायला लावलं. 'वापर सलग एक वर्ष खंडित झाल्यास.' कलमात दुकान नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, शटर नव्हतं. फक्त वापर होता.

त्या चौदा महिन्यांत तिने काय केलं होतं हे नणंदेला ठाऊक होतं. नवऱ्याचा जुना कारागीर, ज्याला ती काका म्हणायची, रोज सकाळी मागच्या दाराने यायचा. शटर खाली ओढून दोघं आत बसायची. आधी पंख्याची मोटर, मग पाण्याच्या पंपाची. भरायची, काकांनी नाक मुरडलं की सगळी उसवायची, पुन्हा भरायची. तार भरायला शिकल्यावर वॉर्निश, आणि वॉर्निश सुकवायला छोटी भट्टी, कारण नवरा हे काम ज्याच्याकडे द्यायचा तो धंदा बंद करून गेला होता. काम हाताला बसल्याशिवाय लोकांच्या मोटरी घ्यायच्या नाहीत असं तिने ठरवलं होतं, म्हणून शटर खाली. पण काका आता नव्हते, आणि बंद शटरमागे घरच्या नणंदेशिवाय दुसरं कुणी पाहिलं नव्हतं.

नोटिशीच्या कोपऱ्यात 'संदर्भ' म्हणून तक्रारींच्या तारखा होत्या. सात. त्यांतली एक त्या चौदा महिन्यांतली. बंद दुकानाविरुद्ध तक्रार कशाची होती, हे बघायला ती फाईल पाहायची असं तिने ठरवलं.

पहिल्या दिवशी साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज हवा होता, तिसऱ्या दिवशी तोच अर्ज दुसऱ्या खिडकीवर हवा होता. चौथ्या दिवशी ती कात्री आणि इन्सुलेशनच्या कागदाची गुंडाळी घेऊनच गेली आणि बाकावर बसून मोटरीच्या खाचांत घालायच्या पट्ट्या कापू लागली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाकाखाली कागदाचा ढीग झाला. कारकुनाने तो ढीग पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि फाईल आणून दिली.

हेडमास्तरांचं अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं सुबक होतं. नेमकी ती तक्रार तिने उभ्याउभ्याच वाचली. 'सदर दुकानाचे शटर गेले दहा महिने बंद असले तरी आत दररोज सकाळी दहा ते पाच मोटरींचे काम चालते. मागील आठवड्यात तेथे नवीन भट्टी बसवली असून वॉर्निशच्या वासाने माझ्या पत्नीस रात्र रात्र बसून काढावी लागते.'

पहिलं वाक्य वाचून तिला हायसं वाटलं. दुसरं तिने पुन्हा पुन्हा वाचलं. एक तर भट्टी आराखड्यानंतरची होती हे त्यात स्पष्ट होतं, आणि जुना वापर चालू ठेवता येतो पण वाढवता येत नाही, हेही तिने वाचलेलं होतं. दुसरं म्हणजे त्या बाई रात्र रात्र बसून काढत होत्या हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला आलेल्या माणसाला तिने बोलू दिलं नव्हतं.

वकिलाचं म्हणणं पडलं की पहिल्या वाक्यापुरताच उतारा द्यावा. नणंदेचंही तेच मत. भट्टी गेली तर काम कसं व्हायचं, असं तिने विचारलं, आणि प्रश्न खरा होता. वॉर्निश न भाजता दिलेली मोटर महिन्याभरात परत येते. वाइंडिंगवालीने दोन दिवस विचार केला आणि अख्ख्या तक्रारीची नक्कल काढली.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ती समोरच्या घरी गेली. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येत होता. तिने आधी खिडकीबद्दलच्या त्या बोलण्याची माफी मागितली, मग नक्कल पुढे ठेवली.

हेडमास्तरांनी चष्मा लावून स्वतःचंच पत्र वाचलं. "म्हणजे माझं पत्र माझ्याविरुद्ध वापरणार तुम्ही."

"अर्धं तुमच्याविरुद्ध, सर. अर्धं माझ्याविरुद्ध."

त्यांनी चष्मा काढून नक्कल तिच्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, "लिहिलं ते खरं लिहिलं होतं. विचारलं तर तेच सांगेन."

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई वयाने तिच्याहून लहान होत्या. त्यांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि शटर बंद असताना काम चालू होतं हे तुम्ही कसं सांगता, असं हेडमास्तरांना विचारलं. ते शाळेतल्यासारखे ताठ उभे राहिले. बंद शटरमागूनही हातोडीचा आवाज येत असे, कारागीर रोज बाजूच्या बोळातून मागच्या दाराकडे ये-जा करताना दिसे, असं त्यांनी सांगितलं. मग अधिकारी बाई तिच्याकडे वळल्या.

"भट्टी आराखडा लागू झाल्यानंतरची आहे, हे मान्य आहे?"

"मान्य आहे."

"मग ती ठेवता येणार नाही."

"जाऊ दे. दुकान राहतं का तेवढं सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी लेखी आदेश आला. शटरआडचं कामही त्यात वापरच धरलं होतं. आहे त्या खोलीत तार भरण्याचं आणि दुरुस्तीचं काम चालू ठेवता येईल. जागा वाढवायची नाही, वॉर्निश आणि भट्टी तीस दिवसांत हलवायची. नणंदेने आदेश दोनदा वाचला आणि यात एकही 'परंतु असे की' नाही, म्हणजे नक्की चूक झाली असणार, असं म्हणाली. मग डोळे पुसले.

गावाबाहेरच्या औद्योगिक विभागात एका रंगाऱ्याच्या शेडचा कोपरा मिळाला. भट्टी उचलायला चार माणसं लागली. हेडमास्तर दारात उभे राहून ती टेम्पोत चढेपर्यंत पाहत होते. शेवटी ते रस्ता ओलांडून आले आणि मागची फळी लावायला त्यांनी हात दिला.

पुढचे दोन महिने कठीण गेले. मोटर आता एका दिवसाऐवजी तीन दिवसांनी मिळायची, आणि काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. तिने फेऱ्यांचे दिवस बांधून घेतले, सोमवार आणि गुरुवार, आणि प्रत्येकाला आधीच तारीख सांगू लागली. सांगितलेली तारीख तिने एकदाही चुकवली नाही. तिसऱ्या महिन्यात गेलेल्यांपैकी निम्मी परत आली.

दर गुरुवारी दुपारी ती भरलेल्या मोटरी टेम्पोत ठेवते, शटर अर्ध्यावर ओढते आणि शेडकडे निघते. समोरची खिडकी त्या वेळी बहुतेक उघडी असते.