डाव्या माइकजवळचा पियाला

"बाल्झान, जरा वाजव गं काहीतरी. माइक कुठे ठेवायचे ते बघतो."

माझा नवरा कैरोल्ला गालिच्यावर रांगत होता. रेडिओत आवाज टिपण्यात उभा जन्म गेला. निवृत्त झाला तरी खोड जात नाही. माझ्या माहेरून आलेला पियानो, आणि त्यापुढे बसणाऱ्याच्या मागे डावीउजवीकडे त्याचे दोन माइक.

मी बसले. मन लावून अख्खी चाल वाजवली. वळून बघते तर यंत्रावरचा लाल दिवा बंद!

"चालू नाही केलंस?"

"अगं, हा नुसता अंदाज. तोर्गिन आली की करतो."

आग लागो त्या तोर्गिनला! लग्न झाल्यापासून यानं साऱ्या अल्माटीला टिपलं, बायकोला एकदाही नाही. आणि ही कालची पोर! स्पर्धेला पाठवायला ध्वनिमुद्रण हवं म्हणाली, की हा लागला नाचायला.

ती आली. "आगा, बोटं गारठलीत हो माझी!"

यानं लगेच शेगडी तिच्या पायाशी सरकवली. माझी बोटं दुखली की म्हणतो, भांडी कमी घास.

मी सामोवारापाशी, चहाच्या बंबाशेजारी, बसून चहा ओतला. आमच्याकडे पाहुण्याला पियाला अर्धाच भरून देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरला, की चहा प्या आणि निघा. मी तिचा काठोकाठ भरला.

"आपा, किती मायेनं भरलात!" म्हणत शहरी बया सगळा प्याली. कैरोल्लाने मात्र माझ्याकडे पाहिलं.

लाल दिवा लागला. खोटं कशाला बोलू, पोरगी सुरेख वाजवत होती. तेच तर झोंबत होतं. शेवटचा सूर लागला, कैरोल्लाने हात वर केला. सूर विरेपर्यंत कुणी हलायचं नाही.

मी माझा पियाला बशीत ठेवला. खण्णकन.

"अगंबाई! काय वाजलं?" तोर्गिन दचकली.

कैरोल्लाने हेडफोन कानाला लावून ते पुन्हा ऐकलं. दोन माइकांमुळे आवाज कुठून आला तेही कळतं. डावीकडून, सामोवारापासून. तिथे मीच बसले होते.

"माझीच खुर्ची वाजली, पोरी," उजवीकडे बसलेला माझा नवरा म्हणाला. "पुन्हा घेऊ."

मग तो उठून सामोवारापाशी आला. ज्याने जन्मात कधी चहा ओतला नाही, त्याने माझा पियाला उचलला, भरला, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. काठोकाठ.

 मी उठले. थेंबही न सांडता पियाला स्वयंपाकघरात नेला आणि माझ्यामागे दार हळूच लोटून घेतलं, कडीचा आवाज होऊ न देता. लाल दिवा लागला असेल एव्हाना.