चुन्याची रेघ आणि माझी टिकटिक

मी एक जुना किरणमापक आहे, मित्रांनो. अकोल्याच्या एका दवाखान्यात, कपाटावरच्या खोक्यात माझा मुक्काम असतो. डोळ्यांना न दिसणारी किरणं मी ओळखतो आणि टिक टिक करून सांगतो. थोडी असली तर थोडं बोलतो. फार असली तर माझ्या तोंडाला खीळ नसते.

माझ्या उमेदीच्या काळात मुंबईच्या अणुभट्टीत तयार झालेलं आयोडीनचं औषध शिशाच्या जाड डब्यातून आमच्याकडे यायचं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगावर ते मोठं गुणकारी. डबा उघडण्याआधी मला विचारत, उघडल्यावरही मला विचारत. ते औषध घेतलेल्या रुग्णांच्या मोरीचं पाणी वेगळ्या टाकीत राखून ठेवत आणि मी 'निवलं' म्हणेपर्यंत नाल्यात सोडत नसत. मी थोडा फुगलोही होतो, खोटं कशाला बोलू?

त्या दिवसांत मोर्शीजवळच्या खेड्यातल्या पौर्णिमाने ते औषध घेतलं. घरी निघताना आमच्या तंत्रज्ञ अमरीनने तिला बजावलं, "तीन आठवडे लेकीले जवळ घेऊ नको. हे औषध आठ दिवसांत अर्धं होते, मंग त्याचं अर्धं."

तीन महिन्यांनी पौर्णिमा तपासणीला आली. आजार हटला होता, पण ती रडत होती. तिच्या सासूने, रुख्मिणीबाईंनी, ओसरीच्या फरशीवर चुन्याची रेघ ओढली होती. अलीकडे पौर्णिमा, पलीकडे चार वर्षांची प्रणाली. तीन महिन्यांत लेक एकदाही कुशीत आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अमरीन मला पिशवीत घालून एसटीने त्यांच्या घरी पोचली.

रुख्मिणीबाई दुष्ट नव्हत्या. नातीवर त्यांचा फार जीव. त्यांनी भाकर मोडून दाखवली. "हे अर्धी केली. ह्याची अर्धी, त्याची अर्धी. पाय, संपते का? संपतच नाही! मंग माह्या नातीले काहून जवळ जाऊ देऊ?"

"मोडत राहा, मावशी," अमरीन म्हणाली. "मुंगीलेही सापडनार नाई इतका कण उरते. त्यानं कोनाचं पोट भरन?"

अमरीनने मला पिशवीतून काढलं, तशा रुख्मिणीबाई म्हणाल्या, "तुह्यावर नाही, त्या डबड्यावर इस्वास ठेवीन."

डबडं! मला! मी राग गिळला.

अमरीनने मला अंगणात धरलं. टिक... टिक. रुख्मिणीबाई दचकल्या. "बोललं पाय!"

"एवढं तं माती बोलते, आभाळ बोलते. सगळीकडंच असते."

मग तिने मला पौर्णिमाच्या गळ्याशी नेलं. टिक... टिक. अंगणात होतं तेवढंच. तिच्यात आता मोजण्याइतकं काहीच उरलं नव्हतं.

तरी रुख्मिणीबाई हलेनात. रेघेच्या पलीकडे संत्र्याच्या बागेसाठी आणलेलं पोटॅशचं पोतं होतं. त्यावर बसून प्रणाली रोज भातुकली खेळायची. अमरीनने मला त्या पोत्याला टेकवलं आणि मी सुटलोच. टिक-टिक-टिक-टिक!

"घ्या मावशी! सुनेपेक्षा तुमचं खतच जास्त बोलून राहिलं," अमरीन हसली. "पोटॅशमंदी असतेच थोडं, त्याचं भेव नाई. पन मंग पोत्याले रेघ काहून नाई ओढली?"

रुख्मिणीबाई एकदा पोत्याकडे, एकदा सुनेकडे पाहत राहिल्या. मग "मी बी येडीच!" म्हणत त्यांनी पदर खोचला आणि ओल्या फडक्याने रेघ पुसायला घेतली. रेघ अर्धीच पुसली होती, तेवढ्यात प्रणाली धावत आईच्या कुशीत शिरली. मला तर आनंदाने मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं, पण किरणांशिवाय मला बोलता येत नाही.

आता दवाखान्यात आकडे दाखवणारा नवा मापक आला आहे. मी खोक्यात पडून असतो. आत विसरलेले सेल पाझरून माझी कळ गंजली होती. परवा सातवीतली प्रणाली आईबरोबर आली आणि विचारू लागली, "हेच का ते डबडं?" अमरीनने मला पुसून नवे सेल घातले. प्रणालीने मला आईच्या गळ्याशी धरलं. टिक... टिक.

मित्रांनो, मला खुशाल डबडं म्हणा. ठेवताना सेल तेवढे काढा. आणि कुणापुढे रेघ ओढायची झाली, तर आधी मला विचारा.