पिवळ्या रंगाखालची पुट्टी

मृणाल केतकरच्या फाइलमध्ये एक ओळ होती, आणि ती ओळ काही केल्या तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

मृणाल गाझियाबादच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होती. सुटीच्या दिवशी ती दुर्मीळ परदेशी गाड्यांचे आजवरचे मालक शोधून त्या गाड्यांच्या कुंडल्या मांडायची. एक्क्याण्णवनंतर गुडगावच्या नव्या बंगल्यांत अशा गाड्या एकेक करून दिसू लागल्या होत्या. बहुतेक कुणा वकिलातीतल्या अधिकाऱ्याने आणलेल्या आणि बदली झाल्यावर इथेच विकलेल्या. कागदावर अर्धंमुर्धंच असायचं. उरलेलं मृणाल जुळवायची. शौकिनांच्या क्लबात तिच्या सहीशिवाय गाडीचा इतिहास कुणी खरा मानत नसे.

या वेळची गाडी इटलीची, बारा सिलिंडरची, पिवळीजर्द. आताचा मालक धवल साहनी. त्याने दिलेल्या कागदांत आधीचे मालक विनय भसीन यांचं पत्र होतं. त्यातलीच ती ओळ : ‘मार्च १९९४. ड्रायव्हर गुलाबराव शिंदे याने पुढची डावी बाजू ठोकली. कामावरून काढले.’

गाडीला हात लावलेल्या माणसांपैकी जो हयात आहे त्याला भेटल्याशिवाय कुंडली पुरी करायची नाही, ही मृणालची रीत. गुलाबराव तिला दिल्लीत कोपर्निकस मार्गावर सापडले. नाटक बघायला आलेल्यांच्या गाड्या ते हाताने खुणा करून लावून देत होते.

“ओ ठोकू भाई, आपसे मिलने मैडम आई हैं!” तिथल्या एकाने हाक दिली. बाकीचे खिदळले.

गुलाबराव हसले नाहीत. मृणालने नाव सांगितलं, काम सांगितलं.

“विचारा,” ते म्हणाले. “चार वर्षांत विचारलं कुणीच नाही. सगळे मलाच सांगतात.”

“ठोकली होती तुम्ही?”

“नाही. सकाळी गाडी पुसायला घेतली, तर फडक्याबरोबर पोपडा सुटून आला. तळहाताएवढा. खाली पत्रा चेपलेला. साहेबांना मीच बोलावून दाखवलं. ते म्हणाले, स्वतः ठोकून वर नाटक करतोस. मग चार कोठ्यांवर, ओळखीच्या बंगल्यांवर, तेच सांगितलं त्यांनी. अहो बाई, सव्वीस वर्षं दिल्लीत गाडी चालवली मी. आता कोण किल्ली देतंय? साताऱ्याला मेव्हणासुद्धा विचारतो, दाजी, किती जोरात धडकलात?”

“मी तुमच्या शब्दावर लिहू शकत नाही, गुलाबराव. साहेबांच्याही नाही.”

“मग कशावर लिहिणार?”

“गाडीवरून. तिच्याकडून काढून घेता येतं का बघते.”

काम म्हटलं तर सोपं होतं. पत्रा चेपला की खड्ड्यात पुट्टी भरतात आणि वर रंग देतात. रंगाचा नखाएवढा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की थर दिसतात. आधीचा खाली, नंतरचा वर. भारतात नोंदणी झाली ती डिसेंबर १९९१ मध्ये, आणि नोंदणीच्या पुस्तकात रंग ‘पिवळा’ होता. गुलाबराव कामाला लागले जानेवारी १९९२ ला. म्हणजे त्या पहिल्या पिवळ्याच्या खाली पुट्टी सापडली, तर चेप गुलाबरावांच्या आधीची.

धवलने एक तुकडा काढू दिला. मृणालने तो चेपलेल्या जागेच्या मधोमध काढला. थर दिसले : पत्रा, पुट्टी, पिवळा. एकच पुट्टी, एकच पिवळा, दोन्ही १९९४ च्या दुरुस्तीचे. भसीनांच्या पत्राशी तंतोतंत जुळणारे.

तिने तुकडा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग तिला स्वतःचीच चूक दिसली. पोपडा पडल्यावर कारागीर ती जागा खरवडून पत्र्यापर्यंत साफ करणार आणि सगळं नव्याने भरणार. मधोमध जुनं काही उरेलच कसं? उरलंच असेल तर ते कडेला.

“एक और?” धवलने कपाळावर हात मारला. “मैडम, गाड़ी है, आलू नहीं कि छीलते जाओ! शुक्रवार को क्लब में फाइल देनी है. लिख दो ना ड्राइवर ने ठोकी. किसको फर्क पड़ता है?”

“ड्राइवर को,” मृणाल म्हणाली. “और दस्तखत मेरे हैं. पहिये के अंदर की तरफ से लूँगी, दिखेगा नहीं. वरना फाइल आप ले जाइए.”

धवल कुरकुरला, पण जॅक लावायला त्याने माणूस बोलावला. मृणालने ओढणी कमरेला खोचली आणि गॅरेजच्या फरशीवर आडवी होऊन चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या कडेला पातं लावलं. तुकडा हातात येईपर्यंत मान अवघडून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत तिने तो पाहिला. पत्रा. त्यावर गंजाची तपकिरी रेघ. मग जाड पुट्टी, तिच्यावर पिवळा. त्यावर दुसरी पुट्टी आणि दुसरा पिवळा. कडेच्या एका टोकाला, सगळ्यांत खाली, लाल रंगाची किनार. म्हणजे गाडी मुळात लाल होती. नोंदणीआधीच कुणीतरी ती ठोकली, खड्डा बुजवला आणि अख्खी गाडी पिवळी करून विकली. पुट्टीखाली गंज चढत गेला आणि एका सकाळी पोपडा सुटला.

पण त्याच जागी गाडी पुन्हा ठोकली गेली असेल तर? तिने स्वतःलाच अडवलं. तसं असतं तर जुनी पुट्टी तडकली असती, पहिला पिवळा चिरला असता. तिने कडेकडेने आणखी दोन बारीक काप घेतले. तडा एकातही नव्हता.

तिने लिहिलं : ‘डाव्या बाजूचा अपघात डिसेंबर १९९१ पूर्वीचा. १९९४ मध्ये ठोकल्याची खूण नाही. ड्रायव्हरचा दोष नाही.’

धवलने वाचलं आणि तो खुशीत आला. “मतलब भसीन साहब को किसी ने ठुकी हुई गाड़ी चिपका दी? बिल्कुल छपेगा ये!” फाइल त्याने ठेवून घेतली.

गुरुवारी दुपारी मृणाल नक्कल घेऊन कोपर्निकस मार्गावर गेली. मजकूर इंग्रजीत होता. तिने तो गुलाबरावांना मराठीत सांगितला. त्यांनी दोनदा सांगायला लावला.

“आता माझं नाव आहे ते वाचा.”

“नाव घातलं नाही मी. तुमची पुन्हा चर्चा नको म्हणून.”

“साहेबांच्या पत्रात होतं?”

“होतं.”

“मग असं का हो बाई? ठोकली तेव्हा गुलाबराव शिंदे, आणि नाही ठोकली तेव्हा नुसता ड्रायव्हर?”

 मृणालने पेन काढलं.

“पूर्ण नाव सांगा.”

“गुलाबराव मारुती शिंदे.”

समोरच्या बूथवरून तिने धवलला फोन लावला.

“अब क्या रह गया?”

“एक पन्ना बदलना है. आज ही. आ रही हूँ.”

जवळच्याच मंडी हाउसच्या टायपिस्टकडून तिने ते पान पूर्ण नावानिशी नव्याने करून घेतलं. गुडगावची बस खचाखच भरलेली होती. उभ्यानेच ती साडेसहाला पोचली. धवल कुणाशी तरी फोनवर बोलत होता. तिने फाइल स्वतःकडे ओढली, जुनं पान काढलं, नवं लावलं, खाली सही केली. धवलने जुन्या पानासाठी हात पुढे केला. तिने ते दिलं नाही. त्याच्यासमोर त्याचे चार तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले.