पन्नास मीटरची यादी

मुलांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. चौतीस वर्षं शाळेत खेळ शिकवला, त्यात ही खोड लागली ती लागलीच. बायको म्हणायची, "मुली बघत फिरलात तेव्हा मला कितवा नंबर दिला होता, ते एकदा सांगून टाका." तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात माझ्याशी बोलायला फक्त कुकर आहे, आणि तोही तीन शिट्ट्या झाल्या की गप्प होतो.

मुलगा दुसऱ्या गावी असतो. दर रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो आणि मी उत्तर द्यायच्या आत "काळजी घ्या बाबा" म्हणून ठेवतो. बाकी आठवडाभर मला कोणी हाक मारत नाही. रडगाणं गात नाहीये, आहे ते सांगतोय.

म्हणून पाण्याच्या टाकीमागचं मैदान बंद होणार असं कळलं तेव्हा मीच पुढे झालो. तिथे गाड्या लावायची जागा करायचं नगरपालिकेच्या ऑफिसात ठरत होतं. साहेबांना भेटलो, तर ते म्हणाले, "पण मैदान वापरतंय कोण? रोज आठ मुलं खेळताना दाखवा, मग बघू. महिनाअखेरीला आमचा माणूस पाहणीला येईल." आठ मुलं! मला हसूच आलं. साठ-साठ मुलांचे वर्ग एका शिट्टीवर सरळ उभे करणारा माणूस मी, आठ म्हणजे काय हो!

लिफ्टजवळ, वाण्याच्या दुकानात, शिकवणीच्या जिन्यात कागद चिकटवले. 'रोज संध्याकाळी साडेपाच. खेळायला या. फी नाही.' पहिल्या दिवशी चौदा जण आले. एक तर चपला घालून आला होता, पण आला. चौदा तोंडं एकदम "सर, सर" करायला लागली तेव्हा मला भरून आलं. वाटलं, चला, आपण अजून आहोत.

मग मी तेच केलं जे चौतीस वर्षं करत आलो होतो. चुन्याची फक्की टाकून दोन रेघा आखल्या, मधलं अंतर टेपने पन्नास मीटर मोजलं आणि एकेकाला पळवून वेळ घेतली. शेवटी सगळ्यांना ओळीत बसवून वही उघडली आणि यादी वाचली. पहिला, सात पूर्णांक नऊ. दुसरी, आठ पूर्णांक तीन. असं करत करत चौदावी, चौदा पूर्णांक सहा. आवाज खणखणीत. चौदावीला दोन-चार जण फिदीफिदी हसले, त्यांना मी दटावलं आणि शिट्टी मारून सगळ्यांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी नऊ आले. तिसऱ्या दिवशी पाच. आठवडा संपेपर्यंत एकटी चौदावी उरली.

अकरा वर्षांची, अंगाने गुटगुटीत, चष्मा पडू नये म्हणून मागून नाडी बांधलेली. साडेपाचला पाच कमी असताना यायची, पाण्याची बाटली कोपऱ्यात ठेवायची आणि विचारायची, "सर, आज कोण कोण येणारेत?" मी म्हणायचो, "येतील." मग आम्ही दोघं फाटकाकडे बघत बसायचो. सहा वाजले की ती एकटीच पन्नास मीटर पळायची, मी वेळ घ्यायचो, ती बाटली उचलून घरी जायची. एवढ्या मोठ्या मैदानात एकच मूल पळताना बघवत नाही. पायांचा आवाज फार स्पष्ट ऐकू येतो.

महिना सरत आला तसा माझा धीर सुटला. उठलो आणि घरोघर गेलो. पहिल्याने दार उघडलं, हातात मोबाइल.

"का रे, येत का नाहीस?"

"पहिला आलो ना, सर," तो म्हणाला. "आता परत कशाला यायचं?"

सहावीची आई म्हणाली, "ती म्हणते, सहावी आहे ते कळलं, रोज रोज तेच काय कळून घ्यायचं." तेराव्याने तर आतूनच ओरडून सांगितलं की तो घरी नाही.

जिना उतरताना मध्येच थांबलो. पहिल्याला पुढे काही उरलं नव्हतं, मधल्यांना आपली जागा कळली होती, आणि शेवटच्यांना ती चारचौघांत कळली होती. गाड्या यायच्या आधी मैदान मीच रिकामं केलं होतं, एका वहीने आणि खणखणीत आवाजाने. शाळेत हे कधी ध्यानात आलं नाही, कारण शाळेत मुलांना दुसऱ्या दिवशी यावंच लागायचं.

शनिवारी ऑफिसचा माणूस आला. मैदानभर नजर फिरवून म्हणाला, "मुलं?"

"ही."

"बाकीची?"

मी फाटकाकडे बघितलं. माणूस भला होता. पेन काढत म्हणाला, "सर, आठ लिहितो. मला कोण विचारतंय!"

कोणाही शहाण्याने मान डोलावली असती. मी म्हणालो, "एक लिहा. एक म्हणजे एक." सेकंदाचा दहावा भागसुद्धा मी कधी कोणाला सोडला नाही, सात मुलं हवेतून कशी आणणार? त्याने एक लिहिलं आणि सोमवारी फाटकाला कुलूप लागेल असं सांगून गेला. चौदावी शेजारीच उभी होती, तिने सगळं ऐकलं.

रविवारी मुलाचा फोन आला. मैदान गेलं हे त्याला सांगायचं ठरवलं होतं, पण "काळजी घ्या" आधी आलं.

त्या संध्याकाळी मैदानावर जाण्यात काही अर्थ नव्हता, तरी गेलो. चौदावी आलेली होती.

"सर, आज कोण कोण..."

"कोणी नाही!" मी खेकसलोच. "उद्या कुलूप लागणार, ऐकलंस ना काल? आणि तू तरी कशाला येतेस रोज?"

ती बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा विचारतात, कितवी आलीस. मी सांगितलं, शेवटची. बाबा हसले नाहीत, दादा हसला. मला एकदाच शेवटून दुसरी यायचंय. पण त्याला अजून एक जण लागतो ना. म्हणून बघते, कोणी येतंय का."

"ती यादी मी वाचायला नको होती," मी म्हणालो. "चुकलं माझं." विद्यार्थ्यासमोर हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. मग स्टॉपवॉच गळ्यातून काढून तिच्या हातात दिलं. "तुझे चौदा सहा ना?"

"कालचे चौदा दोन."

"बरं. आता माझी वेळ घे."

"मुद्दाम हळू पळायचं नाही हं, सर."

"माझ्या गुडघ्याला मुद्दाम काही करावं लागत नाही, बाई. घे."

खरंच पळालो. वीस मीटरपर्यंत मी पंचविशीत होतो, तिसाव्याला त्रेसष्ट वर्षांचा झालो, आणि शेवटचे दहा कसे गेले ते मला माहीत नाही. रेघ ओलांडली आणि गुडघे धरून वाकलो. आता ती ओरडून वाचणार, अशी मनाची तयारी केली. तिचा हक्कच होता तो. फाटकाबाहेर रस्त्याने माणसं जात होती. म्हटलं, ऐकू दे त्यांना.

मैदानात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. तरी ती चालत जवळ आली, स्टॉपवॉच मुठीत झाकून माझ्या कानाला लागली.

"सोळा पूर्णांक एक," ती कुजबुजली. "घरी सांगेन, शेवटून दुसरी आले म्हणून. शेवटचं कोण आलं, ते नाही सांगणार."