रद्द करण्याआधी नान मोडा

औषध दुकानांसाठी आम्ही केलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवताना लोक मध्येच 'रद्द करा' दाबून पळायचे. माझं डोकंच फिरलं. आमच्या किर्गिझ बिश्केकमध्ये नानचा तुकडा मोडून खाल्ल्याशिवाय कुणाच्या घरून उठत नाहीत, मग इथूनच बरे उठतात! मी इन्स्टॉलरमध्ये छोटीशी स्क्रिप्ट घुसवली. 'रद्द करा' दाबलं की पडद्यावर यायचं, "असे कसे निघालात? नानचा तुकडा तरी खा!" खाली एकच बटण, 'खाल्ला'. ते दाबलं की इन्स्टॉलर बंद न होता गुमान पुढच्या पायरीवर.

सोमवारी नारीन शहरातल्या एका औषध दुकानातून बुरुल एजेंचा, म्हणजे बुरुलताईंचा, फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"अगं नुरझात, तुकडा खाल्ला, वर चहाही प्यायले. आता लोणीपण लावून खायचं का?"

आम्ही हसून हसून टेबलांवर आडवे. फक्त आमचे मालक, तोक्तोसुन बायके, म्हणजे तोक्तोसुनदादा, चहा पिता पिता लालबुंद झाले.

"सॉफ्टवेअर आहे की तुझ्या मावशीचं घर? निघालेल्या माणसाला धरून बसवतेस? काढ ती स्क्रिप्ट!"

"नाही काढणार, बायके."

"मग तूच चालती हो! आत्ताच्या आत्ता!"

मी पिशवी उचलली, ऑफिसातल्या चपला काढून बूट चढवले, दार उघडलं.

"ए बये!" मागून बायके ओरडले. हातात नानची थाळी. "अशीच चाललीस? तुकडा तरी खाऊन जा!"

मी तुकडा मोडून तोंडात टाकला, बूट काढले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

"खाल्ला, बायके. पुढची पायरी?"